चिन्हाखालची पांढरी पाटी : जर्मनीत गाडी शिकताना

जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्स चालतं. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. भारतातलं लायसन्स हातात असलेल्यांवर फारशूलंच्या, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या, ठरावीक तासांची सक्ती नसते. त्यामुळे बरेच जण ॲपवर प्रश्न घोकून परीक्षेला बसतात. गोल, त्रिकोणी आणि निळी चिन्हं फारशी जड जात नाहीत, कारण आरटीओच्या परीक्षेला त्यांतली बरीचशी पाहिलेली असतात. गाडी अडते ती चिन्हाखाली लावलेल्या लहान पांढऱ्या पाटीवर. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते, पण चित्रातल्या पाटीवरचा मजकूर जर्मनच असतो. रस्त्यावर तर दुसरी भाषा नाहीच.

या पाटीला जर्मनमध्ये त्सूझात्सत्सायखेन म्हणतात. इथे तिला पूरक पाटी म्हणू. पांढरी जमीन, काळी कड, त्यावर काळी अक्षरं किंवा काळं चित्र. वरच्या चिन्हाला चिकटून, बहुधा त्याच्या खालीच ती असते. वाहतूक नियमावलीच्या कलम ३९ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की पूरक पाटी हेही वाहतूक चिन्हच आहे. म्हणजे वरचं चिन्ह पाळलं आणि पाटी वाचलीच नाही, तर तुम्ही अर्धाच नियम पाळलेला असतो.

आधी बघा : फ्राय आहे का?

पाटीवर पुष्कळदा कुणाचं तरी नाव किंवा चित्र असतं: सायकल, ट्रक, बस, रहिवासी, शेतीची वाहनं, व्हीलचेअर. त्याच्या सोबत ‘फ्राय’ हा छोटा शब्द आहे की नाही, यावर सगळा अर्थ फिरतो. फ्राय असेल तर पाटीवरचा सुटला आणि चिन्ह बाकी सगळ्यांना लागू. फ्राय नसेल तर चिन्ह फक्त पाटीवरच्यालाच लागू, बाकी सगळे मोकळे. अधिकृत सूचीतले पाट्यांचे क्रमांकही याच तत्त्वावर लावलेले आहेत: १००० ते १०१९ सर्वसाधारण माहितीच्या पाट्या, १०२० ते १०३९ सूट देणाऱ्या, १०४० ते १०५९ मर्यादा घालणाऱ्या. क्रमांक पाठ करायची गरज नाही, पण ही विभागणी डोक्यात बसली की अनोळखी पाटीसुद्धा उलगडते.

समजा, लाल कडेच्या पांढऱ्या गोलात मोटार आणि मोटरसायकल आहे, म्हणजे मोटार वाहनांना बंदी. खाली लिहिलं आहे ‘लांटविर्टशाफ्टलिखर फेर्केर फ्राय’. शेतीकामाची वाहनं जाऊ शकतात, तुम्ही नाही. शेतांमधून जाणारे असे चांगले डांबरी रस्ते जर्मन खेड्यांभोवती भरपूर आहेत. रस्ता रिकामा आणि गुळगुळीत दिसला म्हणून त्यात शिरू नका.

आता दुसरा खांब. लाल गोलात ६०, खाली ट्रकचं काळं चित्र, फ्राय नाही. ही मर्यादा फक्त साडेतीन टनांहून जास्त परवानगी-वजनाच्या मालवाहू गाड्यांना आणि ट्रॅक्टरसारख्या ओढणाऱ्या वाहनांना आहे. कार आणि बस तिच्यात येत नाहीत. तुमच्या कारला आधी चालू असलेली मर्यादाच लागू राहते. नवशिका इथे हमखास ब्रेक मारतो. मागून येणाऱ्याला ते अनपेक्षित असतं, आणि कारण नसताना वाहतुकीला अडथळा होईल इतकं हळू चालवणं हीही जर्मनीत चूकच धरली जाते.

‘आनलीगर फ्राय’ ही निवासी भागातली सर्वांत नेहमीची पाटी. आनलीगर म्हणजे त्या रस्त्यावर ज्याचं घर, दुकान किंवा जागा आहे तो. पण सूट त्याच्यापुरती नाही. त्याच्याकडे काम असलेल्यालाही ती मिळते: पाहुणा, डॉक्टरकडे आलेला रुग्ण, पार्सलवाला. मित्राकडे जेवायला निघाला असाल तर बेलाशक जा. त्या रस्त्यावरून पलीकडच्या चौकात निघणं, किंवा गाडी तिथे लावून शेजारच्या रस्त्यावरच्या सिनेमाला जाणं, हे मात्र बसत नाही. ‘लीफरफेर्केर फ्राय’ ही सूट त्याहून अरुंद आहे. ती व्यवसाय म्हणून माल पोचवणाऱ्या-उचलणाऱ्यांसाठी आहे. पादचारी क्षेत्राच्या तोंडाशी ती सकाळच्या काही तासांपुरती लावलेली असते. दुकानातून घेतलेला टीव्ही गाडीत टाकायला तिथे कार नेता येत नाही, आणि ज्यांना परवानगी आहे त्यांनीही माणसाच्या चालीनेच जायचं असतं.

सायकलींच्या बाबतीत हा शब्द तुमच्यासाठी सावधगिरीची खूण आहे. एकमार्गी रस्त्याच्या ‘प्रवेश बंद’ टोकाला लाल गोलातल्या पांढऱ्या पट्टीखाली सायकल आणि फ्राय असं असेल, तर सायकलस्वार त्या रस्त्यात उलट्या दिशेने शिरू शकतात. तुम्ही योग्य टोकाने शिरता तेव्हा निळ्या एकमार्गी चिन्हाखाली सायकल आणि विरुद्ध दिशांचे दोन बाण दिसतात. याचा अर्थ, समोरून सायकल येणार आणि ती चुकत नाहीये. शिवाय जिथे दुसरं चिन्ह नसल्यामुळे उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य असतं, तिथे एकमार्गी रस्त्यातून ‘उलटी’ बाहेर पडणारी सायकलही उजवीकडूनच आलेली धरली जाते. तिला आधी जाऊ द्यायचं. परीक्षेच्या रस्त्यात असा चौक आला की परीक्षक तुमची मान त्या बाजूला वळते का, हे बघतोच.

या सगळ्यातून एक सवय निघते. पाटी वाचता आली नाही, अक्षरं लहान होती, पाऊस होता, ट्रक आडवा आला, तर काय करायचं? वरचं चिन्ह लाल कडेचं, म्हणजे मनाईचं किंवा मर्यादेचं असेल, तर पाटी नाहीच असं समजून ते पूर्ण पाळा. जवळजवळ सगळ्या पाट्या मनाई आकुंचित करतात, वाढवत नाहीत. वरचं चिन्ह निळा पी, म्हणजे पार्किंगचं, असेल तर हिशेब उलटा. तिथे चिन्ह परवानगी देतं आणि पाटी ती कमी करते. म्हणून उतरून पाटी वाचेपर्यंत ती जागा आपली नाही असंच धरा.

अंतर आणि लांबी

लेखी परीक्षेत सर्वाधिक गोंधळ होतो तो या जोडीत. पाटीवर नुसतं ‘१०० मी’ असेल तर ते अंतर आहे: वरचा धोका इथून शंभर मीटरवर सुरू होतो. आकड्याच्या दोन्ही बाजूंना वर जाणारे उभे बाण असतील तर ती लांबी आहे: धोका किंवा मनाई इथून पुढे तेवढ्या पट्ट्यात. बाणांमध्ये ‘३ किमी’ असेल, तर तीन किलोमीटर संपेपर्यंत पायावर ताबा ठेवायचा.

धोक्याचे त्रिकोण गावाबाहेर साधारण १५० ते २५० मीटर आधी लावलेले असतात. अंतर त्याहून बरंच कमी असेल तेव्हा ते पाटीवर सांगितलं जातं. म्हणजे ‘१०० मी’ची पाटी दिसली की ती ‘अजून शंभर मीटर आहेत’ असं आश्वासन देत नाही, ‘नेहमीपेक्षा कमी जागा आहे’ अशी घाई सांगते. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर कारला ताशी १०० ची मुभा असते. त्या वेगाने सेकंदाला सुमारे २८ मीटर मागे पडतात, शंभर मीटर साडेतीन सेकंदांत संपतात. गावात त्रिकोण धोक्याच्या थोडाच आधी असतो, तिथे पाटीची वाट बघू नये.

लांबीची पाटी आणखी एक गोष्ट ठरवते: मर्यादा कुठे संपते. वेगमर्यादेखाली किंवा ओव्हरटेकिंगच्या बंदीखाली लांबी दिली असेल, तर पुढे ‘समाप्त’चं चिन्ह लावतीलच असं नाही. तेवढं अंतर संपलं की मर्यादा संपली. मर्यादा धोक्याच्या त्रिकोणासोबत एकाच खांबावर असेल आणि तो धोका कुठे संपतो हे जागेवरून निःसंशय दिसत असेल, तरीही समाप्तीचं चिन्ह नसतं. वळणाचा त्रिकोण आणि ७०, तर वळण सरलं की ७० सरलं. यांपैकी काहीच नसेल तर समाप्तीचं चिन्ह येईपर्यंत मर्यादा चालू.

एक पाटी स्वतंत्रपणे ओळखून ठेवा. उलट्या त्रिकोणाखाली, म्हणजे ‘प्राधान्य द्या’च्या चिन्हाखाली, ‘स्टॉप १०० मी’ असं असतं. इथे थांबायचं नाही. शंभर मीटरवर अष्टकोनी स्टॉप येणार आहे, त्याची ही पूर्वसूचना. तिथे पोचल्यावर मात्र चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता कितीही रिकामा असो.

जाड रेघ, बारीक रेघ

काही चौकांत मुख्य रस्ता सरळ जात नाही, चौकातच डावी-उजवीकडे वळतो. तिथे पिवळ्या चौकटीच्या (प्राधान्याच्या रस्त्याचं चिन्ह), उलट्या त्रिकोणाच्या किंवा स्टॉपच्या खाली एक पांढरी पाटी असते. तिच्यावर चौकाचा नकाशा काळ्या रेघांनी काढलेला असतो. जाड रेघ प्राधान्याच्या रस्त्याची, बारीक रेघा बाकीच्या रस्त्यांच्या. तुम्ही नेहमी नकाशाच्या तळाशी उभे असता.

वाचायचा क्रम असा ठेवा. आधी तळाची रेघ बघा. जाड असेल तर तुम्ही प्राधान्याच्या रस्त्यावर आहात. मग जाड रेघ कुठे वळते ते बघा आणि तुम्हाला जायचं आहे त्या दिशेशी ताडून पाहा. रेघेबरोबर वळणार असाल तर इंडिकेटर द्यायचा, आणि तो वेळेवर. ‘रस्ताच वळतोय, मी कुठे वळतोय?’ असं वाटून भारतात चालवलेले बहुतेक जण इथे इंडिकेटर देत नाहीत. हा परीक्षेतला नेहमीचा दोष आहे. जाड रेघ डावीकडे वळते आणि तुम्हाला सरळ, बारीक रेघेवर, जायचं आहे, तर इंडिकेटर द्यायचा नाही. दिलात तर समोरचा तुम्ही वळताय असं समजून पुढे येईल. वळणाबरोबर जाताना रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांची विशेष काळजी घ्यायची असते, गरज पडली तर थांबायचं असतं.

तळाची रेघ बारीक असेल तर जाड रेघेच्या दोन्ही टोकांकडून येणाऱ्यांना आधी सोडायचं. ते गेल्यावर चौकात तुम्ही आणि दुसऱ्या बारीक रेघेवरचा, असे दोघंच उरता. तुम्हा दोघांमध्ये उजवीकडचा आधी, हा साधा नियम लागतो. पुस्तकातल्या अशा चित्रांवर बोट ठेवून चारही टोकांवरून आळीपाळीने स्वतःला उभं करून बघा. एकाच टोकावरून पाठ केलेलं चित्र परीक्षेत फिरवून आलं की हातातून निसटतं.

वार, वेळ आणि सुट्ट्या

वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने दिलेली असते आणि आकड्यांनंतर एच हे एकच अक्षर असतं. ‘२२–६’ म्हणजे रात्री दहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत. निवासी भागातली ३० ची मर्यादा पुष्कळदा फक्त या वेळेपुरती असते.

‘वेर्कटाग्स’ या शब्दाने भलेभले फसतात. तो कामाचा दिवस, म्हणून सोमवार ते शुक्रवार असं ऑफिसच्या सवयीने वाटतं. वाहतुकीत त्यात शनिवार येतो. सुटतात ते फक्त रविवार आणि सार्वजनिक सुट्टीचे दिवस. शनिवारी बाजारात जाताना ‘वेर्कटाग्स’च्या पाटीखाली गाडी लावून दंडाची चिठ्ठी घरी आणणारे दर आठवड्याला सापडतील. पाटीवर सोमवार आणि शुक्रवारची आद्याक्षरं असतील, तर शनिवार मोकळा. पण त्या पाच दिवसांत सार्वजनिक सुट्टी आली तर? ब्रांडेनबुर्गच्या वरिष्ठ न्यायालयाने २०१३ मध्ये अशा पाटीबाबत वेगमर्यादा सुट्टीलाही लागू धरली. पाटीवर वार लिहिले आहेत, सुट्टीचा अपवाद लिहिलेला नाही. तेव्हा वार दिले असतील तर सुट्टीच्या दिवशीही पाळा.

सुट्ट्या राज्यागणिक बदलतात हेही लक्षात असू द्या. आठ मार्च बर्लिनमध्ये सार्वजनिक सुट्टी आहे, म्युनिकमध्ये नाही. जूनच्या आसपास येणारा कॉर्पस क्रिस्टीचा सण म्युनिकमध्ये सुट्टीचा, बर्लिनमध्ये कामाचा. तुमच्या कंपनीने सुट्टी दिली की नाही, याचा पाटीशी संबंध नाही. गाडी ज्या राज्यात उभी आहे तिथली सुट्टी धरतात.

अट आणि कारण

काही पाट्या ‘केव्हा’ ते सांगतात, काही ‘का’ ते सांगतात, आणि दिसायला दोन्ही सारख्याच.

‘बाय नेस्सं’ ही अट आहे: रस्ता ओला असताना. ऑटोबानवर, म्हणजे द्रुतगती महामार्गावर, ८० किंवा १०० च्या खाली ती दिसते. ओला म्हणजे किती, याची व्याख्या केंद्रीय न्यायालयाने १९७७ मध्येच करून ठेवली आहे: पूर्ण रस्त्यावर पाण्याचा पातळ थर असला पाहिजे. नुसता ओलसर, काळपट झालेला किंवा चाकोरीत थोडं पाणी साचलेला रस्ता यात येत नाही. गाडी चालवताना हे ओळखायचं कसं? पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाण्याचे तुषार उडतात का, तिच्या चाकांचे ठसे क्षणभर दिसून बुजतात का, दिव्यांचं प्रतिबिंब रस्त्यात पडतं का, हे बघा. वायपर चालू करायला लागले म्हणजे रस्ता ओला झालाच असं नाही, आणि पाऊस थांबला म्हणजे ओलेपणा संपला असंही नाही. शंका असेल तर मर्यादा पाळा. लख्ख कोरड्या रस्त्यावर मात्र ती मर्यादा धरून रेंगाळू नका.

आता मर्यादेखालची हिमफुलाची पाटी. अक्षरं नाहीत, फक्त बर्फाची चांदणी. उन्हाळ्यात ती लागू नाही असं सहज वाटतं. हाम इथल्या वरिष्ठ न्यायालयाने २०१४ मध्ये उलट निकाल दिला: हिमफूल मर्यादेचं कारण सांगतं, अट घालत नाही, म्हणून मर्यादा बर्फ नसतानाही पाळायची. ‘लेर्मशुट्स’, म्हणजे आवाजापासून संरक्षण, ही पाटीही कारणच सांगते. आपली गाडी विजेवर चालते, आवाज करत नाही, हा बचाव तिथे टिकत नाही. ओळखायची खूण अशी: पाटीवर ‘बाय’ हा शब्द असेल किंवा वेळ दिली असेल तर ती अट. नुसतं चित्र किंवा नुसतं नाम असेल आणि ते कुठल्या वाहनाचं वा माणसाचं नसेल, तर ते कारण समजा आणि चिन्ह कायम पाळा.

याच कुळातल्या ‘रोलश्प्लिट’ (सुटी खडी), ‘श्ट्रासनशेडन’ (खराब रस्ता) आणि ‘फोरफार्ट गेएन्डर्ट’ (चौकातलं प्राधान्य बदललं आहे) या पाट्या धोक्याच्या त्रिकोणाखाली येतात. शेवटची सर्वांत घातक, कारण ती रोजच्या रस्त्यावर येते आणि रोजच्या रस्त्यावर माणूस पाट्या वाचत नाही. सुट्या खडीवर पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा, नाहीतर काच तडकते.

पार्किंगच्या पाट्या

सम-विषम तारखेच्या पी-१, पी-२ फलकांची सवय असलेल्या पुणेकरालाही इथे उतरून वाचावंच लागतं. ‘पार्कशायबं’ आणि ‘पार्कशाइन’ हे दोन शब्द कानाला जुळे वाटतात, व्यवहार अगदी वेगळा. पार्कशाइन म्हणजे यंत्रातून किंवा ॲपमधून पैसे भरून घेतलेलं तिकीट. पार्कशायबं म्हणजे फुकट मिळणाऱ्या वेळेसाठी काचेमागे ठेवायची निळी घड्याळ-तबकडी, ११ सेंटिमीटर रुंद, १५ उंच. बाण आल्याच्या नेमक्या वेळेवर लावायचा नसतो, त्यानंतर येणाऱ्या अर्ध्या तासाच्या रेघेवर लावायचा. १० वाजून ५ मिनिटांनी आलात तर बाण साडेदहावर. पाटीवर दोन तास असतील तर तुम्हाला साडेबारापर्यंत वेळ मिळाली. मध्येच येऊन गाडी न हलवता तबकडी पुढे सरकवणं चालत नाही. तबकडीच्या पाटीखाली वेळ लिहिलेली असेल, समजा ८–१८, तर सहानंतर तबकडीची गरज नाही.

फ्रायचा नियम इथे पुन्हा येतो आणि इथे तो खिशाला लागतो. निळ्या पी-खाली ‘बेवोनर मिट पार्काउसवाइस’, म्हणजे परवाना असलेले रहिवासी, एवढंच असेल तर ती जागा फक्त त्यांची. तुम्ही पाच मिनिटंही पार्क करू नका. त्याच ओळीपुढे फ्राय असेल आणि शेजारी तबकडीची पाटी असेल, तर जागा सगळ्यांची आहे: तुम्ही तबकडी लावून ठरलेला वेळ, रहिवासी तबकडीशिवाय हवा तितका. व्हीलचेअरचं चित्र असलेल्या जागेसाठी युरोपात मान्य असलेलं निळं कार्ड काचेमागे लागतं. गाडीवर विकतचं स्टिकर असून उपयोग नाही.

थांबायला मनाई असलेल्या निळ्या-लाल गोलातच पांढरे आडवे बाण असतात. रस्त्याकडे वळलेला बाण म्हणजे मनाई इथे सुरू, रस्त्यापासून दूर वळलेला म्हणजे इथे संपली. गोलात फुली नसून एकच तिरकी रेघ असेल तर तीन मिनिटांपर्यंत थांबता येतं, माल चढवता-उतरवताही येतो. फुली असेल तर तेही नाही.

एका खांबावर दोन-तीन

प्रशासकीय सूचनेनुसार एका खांबावर दोनांहून जास्त पूरक पाट्या असू नयेत, पण शहरात अपवाद भेटतातच. पाटी तिच्या लगेच वरच्या चिन्हाची असते, सगळ्या खांबाची नसते. वर ओव्हरटेकिंगची बंदी, मध्ये ८०, खाली ‘बाय नेस्सं’ असेल तर ओलेपणाची अट ८० ला आहे. ओव्हरटेकिंगची बंदी कोरड्यातही कायम. म्हणून डोळा वरून खाली न्या आणि प्रत्येक मोठ्या चिन्हापाशी थांबून त्याच्या खालचं बघा. जर्मन आकड्यांतला स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह, हेही इथे उपयोगी पडतं: ‘७,५’ आणि पुढे टनाचं अक्षर म्हणजे साडेसात टन.

सराव कसा करायचा

वीस-पंचवीस शब्दांत काम भागतं. या लेखात आलेले शब्द घ्या, जर्मन लिपीतलं त्यांचं रूप एका बाजूला आणि मराठी अर्थ दुसऱ्या बाजूला असे कागदाचे तुकडे करा. अर्थासोबत ‘सूट, मर्यादा, माहिती’ यांपैकी एक शब्द लिहा. मग पायी फिरा. घराभोवतीच्या रस्त्यावर प्रत्येक पाटीसमोर उभं राहून तीन गोष्टी बोला: वरचं चिन्ह काय म्हणतं, पाटी कुणाला किंवा कधी म्हणते, आत्ता या क्षणी मला ते लागू आहे का. तिसरं उत्तर सोडू नका. शनिवारी संध्याकाळी आणि मंगळवारी सकाळी त्याच पाटीचं उत्तर वेगळं येतं, आणि परीक्षेतले प्रश्नही तसेच फिरवलेले असतात.

त्यानंतर दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसून हेच मोठ्याने करा. ताशी ५० ने सेकंदाला १४ मीटर जातात, तेव्हा पाटी वाचायला मिळतात दोन-तीन नजरा. पहिल्या नजरेत चिन्हाचा आकार आणि रंग, दुसऱ्या नजरेत पाटी, मध्ये रस्ता. पाटीवर टक लावून बसणारा पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट चुकवतो.

लेखी परीक्षेत ३० प्रश्न असतात, दहापर्यंत दोषगुण माफ असतात, पण पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर तेवढ्यानेच नापास. चौकातल्या प्राधान्याचे प्रश्न जास्त गुणांचे असतात, म्हणून जाड-बारीक रेघेच्या पाट्यांना सरावात जास्त वेळ द्या. प्रत्यक्ष परीक्षा जर्मनमध्येच होते आणि परीक्षक मागे बसलेला असतो. अटीची पाटी आली की वेग का बदलला किंवा का बदलला नाही, हे शिकवताना बसलेल्या प्रशिक्षकाला प्रत्येक वेळी सांगत चला, म्हणजे चुकीचा अर्थ परीक्षेआधीच उघडा पडेल.

गाडीच्या डॅशबोर्डवर दिसणाऱ्या वेगमर्यादेवर विसंबू नका. जुलै २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये वेगमर्यादा ओळखणारी यंत्रणा सक्तीची आहे, पण तिचा कॅमेरा गोलातला आकडा चटकन वाचतो आणि खालची पाटी कधी वाचतो, कधी सोडतो. ट्रकसाठीची ६० आणि ओल्या रस्त्यासाठीची ८० ती तुमच्यासाठीचीच म्हणून दाखवू शकते. दंड चालकाला होतो.

लायसन्स हातात आल्यावर एक पाटी वर्षानुवर्षं सतावते: घर बदलणाऱ्यांसाठी किंवा रस्त्याच्या कामासाठी लावलेली तात्पुरती थांबण्याची मनाई, खाली तारीख आणि वेळ. तुम्ही गाडी लावली तेव्हा ती तिथे नव्हती, हा युक्तिवाद फार चालत नाही. केंद्रीय प्रशासकीय न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं की पाटी पूर्ण तीन दिवस आधी लावलेली असेल तर चौथ्या दिवशी गाडी उचलण्याचा खर्च मालकावर पडू शकतो. गणपतीला किंवा दिवाळीला महिनाभर भारतात जाताना गाडी रस्त्यावर उभी राहणार असेल, तर किल्ली शेजाऱ्याकडे द्या आणि दर दोन दिवसांनी खांबावर नवी पाटी आली का, ते बघायला सांगा.